कठड्यापलीकडचं ऊन

पाचव्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीत दुपारचं ऊन जेमतेम दोन तास यायचं, आणि तेही कठड्यालाच अडायचं. म्हणून सुनेने रजा टाकली आणि टेपने मोजून विटा-फळ्या रचल्या. अलीकडे जमिनीवर पालकाचा ट्रे, मग कोथिंबीर, मग मिरच्या, आणि सगळ्यात उंच, अगदी कठड्याला खेटून, टोमॅटोची कुंडी. प्रत्येक टप्पा बरोबर वीतभर उंच.

"जिनाच बांधलास की गं रोपांना," चहा टाकायला जाता जाता सासूबाई म्हणाल्या.

"ऊन काही खाली यायचं नाही, आई. त्यांनाच वर चढवायला हवं."

ती बेसिनपाशी नखांतली माती काढत होती, तेवढ्यात दार उघडलं. सासरे नातीला पाळणाघरातून घेऊन आले होते. दोन वर्षांच्या लेकीची इवली पावलं तिच्या पाठीमागून थपथपत बाल्कनीकडे गेली.

"रोपांना हात लावायचा नाही हं, छकुले," नळाखालचे हात न काढताच ती म्हणाली.

दारात चपला काढता काढता सासरे कौतुकाने सांगत होते,

 

"अगं, ऐकलंस का, आज आपली छकुली कुणाचं बोट न धरता अख्खा जिना चढली म्हणे."