नानफेक

वीस वर्षं टीव्हीवर तावातावाने भांडणारे खासदार पोलेनिन पुढ्यात येऊन उभे राहिले, तेव्हा म्हाताऱ्या सानोबरला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा माणूस बराच बुटका होता.

मॉस्कोतल्या त्या मंडईत तिच्यासारख्या उझबेकी बायका ओळीने नान विकायला बसत. निवडणूक तोंडावर आली होती. कॅमेरा सुरू झाला आणि पोलेनिन कडाडले, "रशियन माणसाने रशियन पावच खायचा! या उपऱ्यांची दुकानं आठवड्याभरात उठवतो की नाही, बघाच!" सानोबरच्या टोपलीतला एक नान उचलून त्यांनी जमिनीवर भिरकावला.

कॅमेरा बंद झाला. घाम पुसत पोलेनिन वाकले. त्यांनी नान उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि त्यावर उमटवलेल्या नक्षीची बाजू वर करून अलगद फळीवर ठेवला. हे सगळं सेक्रेटरीशी बोलता बोलता, आपसूक. सानोबर बघतच राहिली. पडलेल्या नानचा असा मान राखायला तिच्या गावी मुलांना चालायच्या आधी शिकवतात.

"साहेब, कॅमेरा हलला हो," कॅमेरावाला ओशाळून म्हणाला. "नान परत एकदा फेकता का?"

पोलेनिनांनी नान हातात घेतला. हात काही पुढे जाईना.

"कुठला रे तू, बाळा?" सानोबरने हळूच उझबेकीत विचारलं.

पोलेनिनांनी आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात, थेट तिच्याच गावच्या बोलीत ते म्हणाले,

"मावशी, टोपली रिकामी करून दे. टोपलीच फेकतो."