बापाचा टोस्ट

इनासने लेकीच्या लग्नात ग्लास उंचावण्याआधी बापाने करायचं टोस्टचं इंग्रजी भाषण महिनाभर बोटीवर घोकलं होतं. समुद्रात दणक्यात म्हणायचा. वसईच्या हॉलमध्ये मात्र मुलाकडच्यांचं फाडफाड इंग्रजी ऐकून तो माइक घेऊन मागे सरकला. "पप्पा, चुकलं तरी चालेल, तुम्हीच बोला," लेक म्हणाली. "मना नाय जमनार," म्हणत त्याने माइक भाड्याच्या निवेदकाला दिला. सेंटचा भपकारा सोडत निवेदक इंग्रजीत सुटला. लग्नोलग्नी उगाळलेले विनोद, ओशट हसू, अडखळणं नाहीच. शेवटी इनासच्या बहिणीलाच नवरीची आई समजून त्याने तिच्या रूपाचं कौतुक केलं. इनासची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने घोकलेलं भाषण तिच्याच नावाने सुरू व्हायचं. "चीअर्स!" हॉल गरजला. लेकीने मान खाली घातली. इनासला त्या माणसाची शिसारी आली. मनगटावर वाइन ओघळली तेव्हा कळलं, आपलाही ग्लास वर गेला होता.