चार सेकंदांची शांतता

दामूअण्णांचं स्वस्तातलं, सतत घरघरणारं कृत्रिम हृदय मिनिटाला चाळीस ठोक्यांवर अडकलं होतं. ठोके वाढवायला छातीतल्या सर्किट बोर्डाशी डीबगर, म्हणजे त्यातली बिघाड शोधणारं यंत्र, जोडायला हवा होता. दुरुस्ती करणाऱ्या हेमांगीने वायर बदलली, जोडणीचा वेग कमी केला. तरी पडद्यावर ‘बोर्ड सापडत नाही’ हेच येत राहिलं.

“आता रिसेटचं बटण दाबून धरूनच जोडावं लागेल, अण्णा. तेवढा वेळ हृदय बंद राहील.”

“किती?”

“चार सेकंद.”

अण्णांनी बायकोकडे, शेवंताबाईंकडे पाहिलं. “दाब, पोरी.”

चौथ्या सेकंदाला डीबगर जोडला गेला. हेमांगीने बटण सोडून ठोके बहात्तरवर नेले.

“दुखलं का हो?” शेवंताबाईंनी विचारलं.

“छे! नऊ वर्षांत पहिल्यांदाच छातीतली घरघर थांबली, चार सेकंद का होईना. फार बरं वाटलं बघ.”

शेवंताबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला; घरघर पुन्हा सुरू झाली होती. हेमांगी मान खाली घालून वायर गुंडाळू लागली.