निरवांगीची दाढ

प्रयागबाईंनी डोळ्यांवरची पट्टी तशीच ठेवून मुठीतलं बी चोळलं, हुंगलं आणि म्हणाल्या, "कारळा."

"बरोबर!" नारायण मोठ्यानं म्हणाला. पण टाळ्या पडल्या नाहीत. त्यानं मान वर केली. बाकांवरची माणसं केव्हाच उठून पलीकडच्या खोलीत गेली होती.

बारामतीच्या त्या शाळेत दोन खोल्यांचं निसर्ग-संग्रहालय होतं आणि ते शास्त्र शिकवणाऱ्या नारायण वाळिंब्यानं एकहाती उभं केलं होतं. १९५५चा उन्हाळा हा पाचवा. मेची सुटी लागली की तो प्रदर्शन भरवायचा. दर रविवारी आसपासच्या गावांतून माणसं बायकामुलांसकट यायची. मुलं ओल्या मातीत उमटवलेले लांडग्याचे, खोकडाचे पंजे ओळखायची. बायका डोळे बांधून बियाणं ओळखायच्या. सुगरणीची घरटी, सापाच्या काती, नदीतले शिंपले, सगळं त्यानं पायपीट करून जमवलेलं.

यंदा मात्र माणसं एकच वस्तू बघायला येत होती. निरवांगीच्या रामहरीला नीरेच्या पात्रात सापडलेली दाढ. विटेहून मोठी, पार दगड झालेली. हत्तीची.

रामहरी दर रविवारी बैलगाडी जुंपून यायचा आणि पटका सावरत दाढेशेजारी उभा राहायचा.

"हितं हत्ती व्हते बगा," तो सांगायचा. "आपल्याच नीरंवर पानी प्यायला यायचे."

माणसं तोंडात बोट घालायची. हेडमास्तरांनी त्याला बसायला खुर्ची दिली. पाच वर्षांत नारायणला कुणी खुर्ची दिली नव्हती.

त्याला सलत होतं ते वेगळंच. गेले चार उन्हाळे तो स्वतः ते पात्र तुडवत होता. वाळूनं तळपाय भाजेपर्यंत. त्याला शिंपले मिळाले.

घरीही सुटका नव्हती. सात वर्षांच्या मंदानं पाटीवर हत्ती काढला.

"बाबा, हा रामहरीकाकांचा हत्ती."

"हत्ती कुणाचा नसतो," तो म्हणाला आणि आपण एवढ्याशा पोरीवर का डाफरलो, हे त्याचं त्यालाच कळेना.

त्याची बायको मालती रविवारी पाहुण्यांना पन्हं द्यायला यायची. पहिला पेला ती रामहरीला द्यायची. एका रविवारी ती दोघं खिडकीपाशी हळू आवाजात बोलताना त्याला दिसली. तो जवळ येताच गप्प झाली.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. दाढेचंच," मालती म्हणाली. हसू तिनं ओठांतच दाबलं.

आता बायकोही.

बुधवारी हेडमास्तरांनी त्याला बोलावलं. "वाळिंबे, रविवारी पुण्याहून तज्ज्ञ येताहेत. दाढ खरी निघाली तर तिकडच्या मोठ्या संग्रहालयात ठेवणार. शोधणाऱ्याच्या नावाची पाटी लावून. कायमची!"

"चांगलं आहे," नारायण म्हणाला.

गुरुवारी दुपारी ऊन नुसतं पेटलं होतं. बारा ते तीन संग्रहालय बंद असे आणि किल्ली त्याच्याकडेच असे. त्यानं दाढ उपरण्यात गुंडाळली, काखेत मारली आणि गावाबाहेर चालू लागला. तिथं सडकेचं काम निघालं होतं. खडी फोडणारी माणसं दूर बाभळीखाली भाकरी खात बसली होती. हातोडे ढिगापाशीच पडले होते.

पहिल्या दोन घावांना दाढ दाद देईना. तिसऱ्याला ती थरांथरांनी सुटली. ओळखू येईनाशी होईपर्यंत तो मारत राहिला. मग ते तुकडे त्यानं पायानं खडीत मिसळून टाकले.

त्या संध्याकाळी तो एक भाकरी जास्त जेवला.

शुक्रवारी सकाळी त्यानंच ओरड केली. "दाढ नाही!" कपाटं उपसली, शाळेची गच्ची पाहिली, विहिरीत गळ टाकला. शोधणाऱ्यांत तो सगळ्यांच्या पुढे होता.

रविवारी पुण्याचे तज्ज्ञ आले आणि रिकामी मांडणी बघून उभे राहिले. रामहरी पटका काढून पायरीवर बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते. मालती पन्ह्याचं तपेलं तसंच ठेवून भिंतीला टेकली होती.

नारायण रामहरीच्या शेजारी बसला. चार माणसं बघत होती.

"तुमचं फार नुकसान झालं, रामहरी."

"माजं?" रामहरीनं मान वर केली. "माजं काय जातंय गुरुजी? म्या निस्ता राखनीला हुबा ऱ्हायचो. चार वर्सं तुमी गावात येऊन सांगत व्हता, नीरंच्या वाळूत हत्ती हाय म्हनून. मानसं हासायची. मला बी हसू यायचं. मग यंदा तुमी सांगितल्या जागी उकरलं. म्या वाकून उचलली, येवडंच."

नारायणनं रिकाम्या मांडणीकडे पाहिलं.

"वैनीस्नी म्हनलं, पुन्याला चिट्टी ल्ह्या," रामहरी डोळे पुसत म्हणाला. "आन् गुरुजीस्नी आदी कळू देऊ नगा. पाटी बगूनच खुश हुतील."

तज्ज्ञ पुढे आले. "वाळिंबे ना तुम्ही? आता हिचा उपयोग नाही. पण तुमच्यासाठीच आणली होती," असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक छोटी लाकडी पाटी काढून त्याच्या हातात दिली. रंग नवा होता. अक्षरं सुबक होती.

'हत्तीची दाढ. निरवांगी, तालुका इंदापूर. शोधक : नारायण रामचंद्र वाळिंबे.'