पुतळ्याच्या हातातली तलवार

“बाईसाहेब, तुमचे पणजोबा खरंच लढाईतून पळाले होते का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि विचारणारी मुलगी म्हणजे वर्गातली तोफ; ती पैज सोडते थोडीच! शाळेच्या वाचनालयात लेखिका मुलांना भेटायला आल्या होत्या, तरी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. राजघराण्यातल्या या म्हाताऱ्या लेखिकेच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कुणी फारशा वाचल्या नव्हत्या. पणजोबांवर लिहिलं म्हणून भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं, एवढीच काय ती कीर्ती. ग्रंथपाल बाईंनी डोळे वटारले.

लेखिका मात्र चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या, “पळाले ना! घोड्याला टाच मारली ती थेट घरी. चौकातल्या त्यांच्या पुतळ्याच्या हातात तलवार नंतर दिली आम्ही.”

“मग लिहिलंत कशाला? झाकली मूठ राहिली असती की!”

“अगं पोरी, आपण घाबरलो होतो, हे त्यांना जन्मभर कुणापाशी बोलता आलं नाही. म्हटलं, त्यांच्या वतीनं आपण तरी सांगून टाकावं.”

पैजेचं आइस्क्रीम मिळालं, पण तिला ते गोड लागेना.

घरी आई उद्याच्या मुलाखतीसाठी तिच्या कपड्यांना इस्त्री करत होती. बाबा फोनवर आजोबांना सांगत होते, “आपली वाघीण सैनिकी शाळेत जाणार! भीती कशाशी खातात ते तिला ठाऊकच नाही.”

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“बाबा, फोन स्पीकरवर टाका. आई, तूही ऐक. मला त्या शाळेची भीती वाटते, पहिल्यापासूनच वाटते. मी उद्या जाणार नाहीये.”