नेहमीचा पासवर्ड

वसुधाने मैत्रिणीकडून आणलेला, लिनक्स ही नवी सिस्टिम बसवायचा पेनड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरला लावला. दादा सवयीने खुर्ची ओढून शेजारी बसला. तिला दिसत नाही, त्यामुळे स्क्रीनवरचं वाचून दाखवायचं काम कायम त्याचंच. तिचे मेलही तोच वाचायचा. एखाद्या मित्राचा असला की मध्येच खाकरायचा.

"थांब, काय आलंय सांगतो," तो म्हणाला.

तिने तीन बटणं एकदम दाबली आणि स्पीकरमधून स्क्रीन वाचून दाखवणारा यांत्रिक मराठी आवाज आला, "तुमचं नाव लिहा." पुढे आवाज विचारत गेला, ती भरत गेली. दादाला सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

"पासवर्ड," आवाज म्हणाला.

"नेहमीचाच टाक, तुझी जन्मतारीख," दादा म्हणाला. "माझ्याही लक्षात राहते."

वसुधाची बोटं थांबली. "दादा, जरा तिकडे तोंड कर."

खुर्ची करकरत खिडकीकडे वळली.

ती टाइप करू लागली. प्रत्येक अक्षराला आवाज नुसता "ठिपका" म्हणत होता. ठिपका, ठिपका, ठिपका.

"झालं का?" खिडकीकडून दादाने विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "मोठा आहे."