पट्टीखालचा निरोप

"अहो, उचला ती पट्टी. पहिली अक्षरं वाचून तर बघा," बायको म्हणाली.

"आधी सगळी उत्तरं, मग पट्टी." मास्तर निवृत्त झाले होते, त्यांचा हट्ट नव्हता झाला.

कोडं लेकीनं पाठवलं होतं. सासरी गेल्यापासून ती दर आठवड्याला पोस्टानं एक पाठवायची. वर सात शोधसूत्रं. उत्तरातलं एकेक अक्षर आकडा बघून खालच्या चौकटीत न्यायचं, की तिथे एक वाक्य तयार होतं. आणि सातही उत्तरांची पहिली अक्षरं वरून खाली वाचली, की कोडं घालणाऱ्याचा खरा निरोप. तो अगदी शेवटी वाचायचा. आधी डोकावणं म्हणजे कॉपी. लहानपणी मास्तरांनीच तिला हे शिकवलं होतं. म्हणून ते त्या अक्षरांवर पट्टी ठेवूनच बसत.

सहा उत्तरं आली होती. तिसरं मात्र आठवडाभर छळत होतं. 'गाणं सुरात, पण ही सुटली.' दोन अक्षरं.

खालचं वाक्य दोन चौकटी सोडून भरलं होतं; त्या अंदाजानं भरणं हीही मास्तरांच्या लेखी कॉपीच. 'बाबा, या घरची सव□ झाली, □ळा लागला, करमतं छान.'

"बघ, करमतंय तिला. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"फोनवर बोलते तेव्हा नवरा शेजारी उभा असतो. पाकीटही तोच वाचून बंद करतो. आणि या आठवड्याचं कोडं अजून आलं नाही." तिनं रिकाम्या चौकटींवर बोट ठेवलं. "सवय आणि लळा! शेंबडं पोरही सांगेल. भरा ना!"

तिचे डोळे भरलेले पाहून मास्तर नरमले. त्यांनी खाली य आणि ल लिहिले आणि आकडे बघत तीच अक्षरं वर नेली. लय. हात्तिच्या, एवढं सोपं! हसत हसत त्यांनी पट्टी उचलली.

बाबा लवकर या.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगेच लेकीचा नंबर लावला. फोन जावयानं उचलला.

"तिला... तिला फोन देता का जरा?"

"सुटलं वाटतं कोडं, बाबा?" जावई मजेत म्हणाला. "मी तर पोस्टात टाकायच्या आधीच सोडवलं होतं. म्हटलं, बघू तुम्हाला किती दिवस लागतात."